भट्टीवरचं पुस्तक

वाचनाची गोडी मला कशी लागली, असं कुणी विचारलं की मी आधी तोंड गंभीर करते. धाराशिवला लेकीच्या कॉलनीतल्या आयांनी मला याच विषयावर बोलायला उभं केलं, तेव्हाही तेच केलं. मुलांनी घरी जास्त वाचावं म्हणून काय करावं, असा त्यांचा प्रश्न होता. मी संस्कार, घरातलं वातावरण असे चार शब्द फेकले, टाळ्या घेतल्या आणि चहा पिऊन परत आले. खरं सांगितलं असतं तर चहासुद्धा मिळाला नसता. खरं एवढंच की मला खवा ढवळायचा भारी कंटाळा होता, आणि पुस्तक हातात धरलं की उलथणं हातात धरावं लागत नसे.

आमचं गाव भूमजवळ. पाण्याच्या नावानं बोंब, पण घरटी दोन-चार म्हशी ठरलेल्या. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, परसात खव्याची भट्टी घातली होती आणि गावातलं बरंचसं दूध सकाळी आमच्या दारात यायचं. मोठी लोखंडी कढई, खाली तुरीच्या तुराट्यांचा आणि बाभळीचा जाळ, आणि कढईत फिरणारं लांब दांड्याचं उलथणं. दूध आटत जाईल तसा आवाज बदलतो. आधी नुसती सळसळ, मग बुडबुड, आणि शेवटी दमलेलं माणूस चिखलातून चालावं तशी थपक-थपक. आजही कुणाच्या स्वयंपाकघरात दूध आटवत ठेवलेलं असलं तर मी बाहेरच्या खोलीत बसून सांगू शकते की आता गॅस बारीक करा. हात मात्र थांबता कामा नये. थांबला की बुडाला लागलं, आणि लागलेल्या खव्याचा वास अख्ख्या आळीला बातमी द्यायचा. आम्हा पोरांना ती बातमी आवडायची, कारण मग कढईच्या बुडाची खरपूस खरवड खरडून भाकरीवर घालून मिळायची. दादांना आवडायची नाही.

एका आठवड्यात माझ्या हातून दोन कढया लागल्या, तेव्हा दादा मला रागावले नाहीत. त्यांनी माझी बदली केली. खवा पाटीत भरला की पळसाच्या पानांवरून झाकायला ते भूमच्या बाजारातून रद्दीचा गठ्ठा आणत. त्या गठ्ठ्यातला एक कागद माझ्या हातात देऊन म्हणाले, "तू ढवळू नगंस. हितं बस अन् वाच. हात गुतले तरी कान रिकामेच असत्यात की." दादा तिसरीपर्यंत शिकलेले. जोडाक्षर आलं की ते उंबऱ्याला ठेच लागल्यासारखे थांबत. त्यामुळं घरात सरळ धावत वाचणारी मी एकटीच. आई आणि काकू आळीपाळीनं ढवळायच्या, दादा जाळ सांभाळायचे, आणि शाळेची वेळ होईपर्यंत मी पोत्यावर मांडी घालून रद्दी वाचायची. बियाणांच्या जाहिराती वाचल्या, कुणाच्या तरी लग्नपत्रिका वाचल्या, कुठल्याशा वधू-वर सूचक मंडळाची यादी वाचली. त्या यादीतल्या मुलींच्या अपेक्षा ऐकून आई म्हणाली होती की ह्या पोरींना नवरा मिळणार नाही, मिळाला तर टिकणार नाही.

मग एका गठ्ठ्यात पुस्तक आलं. पुठ्ठा नव्हता, सुरुवातीची पानं नव्हती, त्यामुळं नाव नाही आणि लिहिणाराही माहीत नाही. गोष्ट कोकणातल्या बंदराची होती. मालती नावाची बाई, तिचा भाऊ दत्तू मासेमारीच्या होडीवर गेलेला आणि परत न आलेला. गाव म्हणतं तो बुडाला, मालती म्हणते नाही. ती रोज धक्क्यावर जाऊन प्रत्येक होडीवाल्याला विचारते. आमच्यापैकी समुद्र कुणीच पाहिलेला नव्हता. आमच्यासाठी पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी दिसतं ते. त्यामुळं पहिल्याच दिवशी वाचन पानभर आणि चौकशी तासभर झाली. समुद्राला बांध असतो का? भरती येते म्हणजे पाणी कुणी सोडतं का? दादांचा प्रश्न वेगळा, खारं पाणी म्हशीला चालतं का. मी हे सगळे प्रश्न वहीत उतरवून शाळेत गुरुजींना विचारले. गुरुजी बालाघाटच्या डोंगराखाली जन्मलेले, त्यांनीही समुद्र पाहिलेला नव्हता. पण त्यांनी तसं कबूल केलं, नकाशा काढला, आणि चंद्र पाणी ओढतो असं सांगितलं. ते मी भट्टीवर सांगितलं तेव्हा काकू उलथणं न थांबवता वर आभाळाकडं बघत म्हणाल्या, "मग आमच्या हिरीचं का वढत न्हाय?" त्याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही.

काकूंबद्दल सांगायला हवं. काका ढोकीच्या साखर कारखान्यात कामाला होते. गळीत सुरू झालं की पंधरा-पंधरा दिवस घरी येत नसत. काकू शाळेची पायरी चढलेल्या नव्हत्या, पण ऐकलेलं विसरत नव्हत्या. आदल्या दिवशी मी कुठं थांबले हे मला आठवत नसे. त्या शेवटचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवत आणि "हां, पुढं" म्हणत. त्यांचं ते "पुढं" मी नंतर अनेक मोठ्या माणसांच्या सभांमध्ये शोधलं. मिळालं नाही. दूध घालायला येणाऱ्या बायासुद्धा किटली रिकामी झाली तरी हलेनात. दादा खूश, कारण दूध वेळेआधी यायला लागलं होतं. आई मात्र कान नसल्यासारखा चेहरा करून ढवळायची आणि म्हणायची, त्या मालतीला घरात काही कामधंदा नाही का.

आणि एक दिवस पुस्तक संपलं. संपलं म्हणजे, फाटलेलं निघालं. संध्याकाळ झालेली, लांबून दत्तूच्या मालकाची होडी येताना दिसते, माणसं धावतात, "होडी धक्क्याला लागली आणि मालतीनं" इथं पान संपलं. पुढं नुसता दोरा लोंबत होता. मालतीची काळजी होतीच, पण खरी काळजी उलथण्याची. पुस्तक नाही म्हणजे परत कढईपाशी. समोर काकू म्हणाल्या, "पुढं," आणि माझ्या तोंडातून पुढचं वाक्य आलं. ते कागदावर नव्हतं.

एकदा सुरू झाल्यावर थांबणं अवघड. मी दत्तूला होडीतून उतरवलं. लगेच संपवलं तर पंचाईत, म्हणून त्याला ताप आणला. तापात तो बरळला, बरळण्यातून एक जुनं भांडण निघालं, भांडणातून कोर्ट. मला बंदरातलं काहीच माहीत नसल्यामुळं हळूहळू तिथं बाभळी उगवल्या, मालती कळणाची भाकरी थापायला लागली आणि दत्तूला एसटीत घालून बार्शीच्या दवाखान्यात नेण्यात आलं. कोकणातून बार्शी. कुणी हरकत घेतली नाही. उलट दवाखान्याच्या दिवशी आईनंसुद्धा पदरानं डोळे टिपले आणि धूर लागला म्हणाली. मी इतकी फुगले की शाळेत मागच्या बाकावर बसून उद्या कुणाला आजारी पाडायचं याचा विचार करत असे.

(माझी लेक म्हणते, आई, मुलांना पुस्तकाकडं कसं वळवायचं यावर तू काहीतरी नीट लिही. तिनं घरात रोज संध्याकाळी वाचनाचा तास ठेवलाय. सगळ्यांनी हातात पुस्तक धरून बसायचं. पहिल्या दहा मिनिटांत मी घोरते, आणि माझा नातू ओम ते मोबाइलवर टिपून ठेवतो. मी तिला म्हटलं, माणसाचे हात अडकलेले पाहिजेत, जागचं हलता येता कामा नये, मग ऐकायची चटक लागते. ती म्हणाली, आमच्याकडं नॉनस्टिक कढई आहे.)

तर बार्शीचा दवाखाना होऊन पाच-सहा दिवस झाले असतील. सकाळची भट्टी उरकली होती, काकू हौदापाशी राखेनं कढई घासत होत्या आणि मी पाणी ओतत होते. त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "सुमे, ते पान लई मोठं हाय का गं?"

"कुठलं पान?"

"तुझ्या अंगठ्याखालचं. मागल्या बाजारच्या आधी धरलंयस. ह्यो दुसरा बाजार झाला, अजून तेच हाय."

माझ्या हातातली बादली हौदात पडली. काकू घासतच होत्या. त्यांना अक्षर कळत नव्हतं, पण पान उलटलं की नाही हे कळायला अक्षर कशाला लागतं? मी पुस्तकाचं फाटलेलं टोक दाखवलं. वाटलं, आता दादांना सांगतील. त्यांनी विचारलं ते वेगळंच. "मग होडीत कोण हुतं?"

"मला नाही माहीत, काकू."

"दत्तू आला का न्हाय?"

"माहीत नाही."

त्यांनी कढई खाली ठेवली. मी शहाणपणा करून म्हटलं की सगळी गोष्टच तर खोटी आहे, ज्यानं लिहिली त्यानंही मनानंच रचली, मग माझी काय वाईट. काकूंनी हात धुतले, पदराला पुसले. "त्यानं रचली ती शेवटापत्तोर इचार करून रचली असंल. तू उलथणं चुकवाया रचलीस." आणि मग कढई परत उचलत, "मला खरं काय झालं ते पायजे."

आयुष्यात पुढं माझ्या लिहिण्यावर दोन-तीन परीक्षणं आली. इतकं नेमकं कुणाला लिहिता आलं नाही.

काकूंची अट साधी होती. शेवट शोधायचा. तोवर भट्टीवर एक खोटा शब्द काढायचा नाही. न सापडला तर त्या स्वतः दादांना सगळं सांगणार. मी घसा बसल्याचं सोंग घेतलं आणि गळ्याला फडकं गुंडाळून पुन्हा उलथणं धरलं. दूध घालणाऱ्या बाया दत्तूच्या तब्येतीची चौकशी करायच्या, मी घशाकडं बोट दाखवायची. बाजारच्या दिवशी काकूंनी आईला सांगितलं की पोरीचा घसा दाखवून आणते. आम्ही दोघी भूमच्या एसटीत बसलो, फाटकं पुस्तक काकूंच्या पिशवीत.

भूमचं ग्रंथालय एका जिन्यावर होतं. काकूंनी चपला खालीच काढल्या, देवळात जावं तशा. आत चार-पाच माणसं वर्तमानपत्रं वाचत होती आणि टेबलाशी चष्मा कपाळावर चढवलेले ग्रंथपाल. मी पुस्तक पुढं केलं. त्यांनी नाव विचारलं, लेखक विचारला, दोन्ही नाही म्हटल्यावर पुस्तक परत माझ्याकडं सरकवलं. अशी हजार असतात म्हणाले. मी जायला वळले. काकू वळल्या नाहीत. त्या टेबलापुढं उभ्या राहिल्या आणि पहिल्या ओळीपासून गोष्ट सांगायला लागल्या. सांगताना त्यांचा उजवा हात आपोआप गोल फिरत होता, जणू समोर कढई आहे. वाक्यं पुस्तकातली होती, माझ्या वाचण्यातल्या चुकांसकट. एकेक वर्तमानपत्र खाली यायला लागलं. होडी धक्क्याला लागली आणि मालतीनं, इथं काकू थांबल्या. हातही थांबला. कोपऱ्यातले एक म्हातारबाबा म्हणाले, "मग?"

"त्येच तर इचाराया आलोय," काकू म्हणाल्या.

ग्रंथपालांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, आतल्या खोलीत गेले आणि कोकणावरची तीन पुस्तकं घेऊन आले. मी पानं चाळून नावं शोधत होते तोवर काकूंनी तिसऱ्यावर बोट ठेवलं. प्रकरणाच्या वर जहाजाच्या नांगराचं बारकं चित्र होतं. आमच्या फाटक्या पुस्तकात तसंच होतं. इतके दिवस मी अक्षरं वाचत होते आणि त्या चित्र बघत होत्या. मी झटकन शेवटचं प्रकरण उघडलं. काकूंचा हात त्या पानावर पडला.

"हितं न्हाय. तुझी आई हाय, दादा हायत, दुधाच्या बाया हायत. समद्यांनी मिळून ऐकलंय. समद्यांबरूबरच कळंल."

मग सभासदत्वाचा फॉर्म निघाला. ग्रंथपालांनी माझं नाव लिहायला घेतलं. काकू म्हणाल्या, माझं लिहा. ते जरा अवघडले, म्हणाले, बाई, तुम्हाला वाचता येतं का? "न्हाय. वाचाया ही येतीय. पर ही लबाड हाय. पुस्तक माझ्या नावावर द्या." ग्रंथपाल हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी शाईचं पॅड पुढं केलं, काकूंनी अंगठा उठवला, आणि त्या ग्रंथालयाच्या वहीत एक अंगठा सभासद झाला.

येताना एसटीत पुस्तक काकूंच्या मांडीवर, पदराखाली. मी खिडकीतून बाहेर बघण्याचं नाटक करत होते, पण सगळं लक्ष त्या पदराकडं. मी इतके दिवस पुस्तक वाचत होते ते कामचुकारपणानं. दत्तू मेला का जगला याची मला स्वतःलाच इतकी उत्सुकता आहे, हे त्या एसटीत कळलं. मी दोनदा मागून बघितलं. एकच पान, काकू. मनातल्या मनात वाचते. त्यांनी पुस्तकावर दुसरा हातही ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कढई चढली, दूध उकळलं, बाया बसल्या. काकू म्हणाल्या, आधी घसा मोकळा कर. म्हणजे कबूल कर. मी जमिनीकडं बघत सांगितलं की धक्क्याला होडी लागल्यानंतरचं सगळं माझ्या मनचं होतं. ताप, भांडण, कोर्ट. दादा तुराट्या मोडायचे थांबले.

"अन् बार्शीचा दवाखाना?"

"तोपण."

"त्यो बरा हुता," दादा म्हणाले आणि तुराटी जाळात सारली.

आई चिडली. दत्तू बार्शीत बरा झाल्याची खबर तिनं माहेरीसुद्धा पोचवली होती. "आता माझ्या भावजयीला काय सांगू? बरा झालेला माणूस परत आजारी पाडू व्हय?" बाया हसायला लागल्या, मी रडायला. तेवढ्यात काकूंनी उलथणं दुसऱ्या हातात घेतलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "होडी धक्क्याला लागली आणि मालतीनं. पुढं."

मी वाचलं. होडी धक्क्याला लागली आणि मालतीनं आत बघितलं. दत्तू नव्हता. त्याची खबरही नव्हती. माणसं पांगली, अंधार पडायला आला. मालती घरी गेली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तीच होडी परत निघाली तेव्हा ती तिच्यात चढली आणि वल्ह्यावर बसली. संपलं. दत्तूचं काय झालं ते लिहिणाऱ्यानं सांगितलंच नव्हतं.

कढईत थपक-थपक चाललं होतं. मला वाटलं, काकू म्हणतील की हेच ऐकायला एवढं गेलो का. पण त्यांनी विचारलं, "एकलीच गेली?" मी हो म्हटलं. "अन् कुणी आडवलं न्हाय तिला?" मी पान परत बघितलं. तसं काही लिहिलेलं नव्हतं. काकूंनी मान हलवली, खवा कडेनं सुटायला लागला होता तो सावरला. नंतर सगळ्यांना गूळ घालून गरम खवा मिळाला. आईनं माझ्या हातावर जरा कमी ठेवला.

पुढच्या बाजारी मला शाळा होती. काकू पुस्तक परत करायला निघाल्या, एकट्याच. एकट्या त्या एसटीत त्याआधी कधी बसल्या नव्हत्या. परत आल्या तेव्हा पिशवीत नवं पुस्तक. त्यांनी ते स्वतः निवडलं होतं, कुणाला न विचारता. ज्या पुस्तकाच्या पानांचे खालचे कोपरे सगळ्यात मळलेले, ते सगळ्यात जास्त लोकांनी वाचलेलं, म्हणून चांगलं, असा त्यांचा सरळ हिशोब. मी उघडून बघितलं. गाई-म्हशींचे आजार आणि त्यांवरचे उपाय असं ते पुस्तक होतं. मी सांगायचा प्रयत्न केला की काकू, ही गोष्ट नाही. त्या म्हणाल्या, आधी वाच तर.

म्हणून मी वाचलं. फऱ्या, घटसर्प, पोटफुगी. इतक्या शांतपणे आमची भट्टी कधी ऐकत बसली नव्हती. दादांनी तर जाळाकडंसुद्धा दुर्लक्ष केलं. कासेच्या सुजेच्या प्रकरणात उदाहरण म्हणून एका शेतकऱ्याची म्हैस होती. तिसऱ्या वेताची, कास दगडासारखी झालेली, तीन दिवस रेडकाला पाजत नव्हती. उपाय सांगून झाला आणि पुस्तक पुढच्या आजाराकडं वळलं. मी पान उलटलं. काकूंचं उलथणं थांबलं नाही, पण त्यांची मान माझ्याकडं वळली.

"त्या म्हशीचं काय झालं?"

"पुस्तकात नाही, काकू."

"बरी झाली का न्हाय ते बी न्हाय?"

"नाही लिहिलेलं."

काकूंनी दादांकडं बघितलं, आईकडं बघितलं. आईनं कान नसल्यासारखा चेहरा केला. मग काकू माझ्याकडं वळून म्हणाल्या, "मग पुस्तक ठिव खाली. अन् तू सांग."

मी पुस्तक मिटून पोत्यावर ठेवलं, दोन्ही हात रिकामे सगळ्यांना दिसतील असे मांडीवर घेतले, आणि त्या म्हशीचं पुढं काय झालं ते सांगायला सुरुवात केली.